मंगळवारची लाभार्थी

मी तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. काचेच्या खोलीत बसून, माइक तोंडापाशी ओढून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय आणि कुठली लागत नाहीये हे सांगायचं, एवढंच काम. पण ते करायला अंगात कसब लागतं. गाडी पन्नास मिनिटं उशिरा येणार हे इतक्या गोड आवाजात सांगायचं, की ऐकणाऱ्याला राग यायच्या आत आपण पुढच्या गाडीवर पोचलेलं असावं. माझ्या एका वाक्यावर माणसं पोरांच्या बखोटीला धरून फलाट बदलायची. निवृत्त झाले आणि हा सगळा रुबाब एका दिवसात संपला. आता कपाटाचं दार उघडं राहिलंय हे मी घरात कितीही सुरात सांगितलं, तरी ते मलाच उठून लावावं लागतं.

आमचे हे गेले ते माझ्या निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी. त्यानंतर दोनच महिन्यांत नणंदेने मला न विचारता माझं नाव ‘ओंजळी’त घातलं. ओंजळ म्हणजे आम्हा चौदा बायकांचं मंडळ. वर्षाला प्रत्येकीने सारखी रक्कम घालायची, जमेल ते गावातल्या एका संस्थेला द्यायचं, आणि कुठल्या संस्थेला ते मतं घेऊन ठरवायचं. कल्पना नणंदेचीच. तिच्या कल्पना नेहमी चांगल्या असतात आणि त्या राबवायला नेहमी दुसरं कुणीतरी लागतं. ‘वहिनी, तुझं मन रमेल,’ असं तिने मला सांगितलं.

तिसऱ्या वर्षापर्यंत कुणाचंच मन रमेनासं झालं होतं. पैसे सगळ्या वेळेवर भरायच्या, पण वाचनालयाच्या माडीवर महिन्याची बैठक भरली की चौदापैकी पाच खुर्च्या भरायच्या. एकीची पाठ धरलेली. एकीच्या घरी फरशी बसवणारे आलेले. ते दोन वर्षं येतच होते. एका घरातल्या दोघी जावांचं आपसात पटत नसे, म्हणून थोरली आली की धाकटी यायची नाही आणि धाकटी येणार असं कळलं की थोरली यायची नाही, त्यामुळे शेवटी दोघीही यायच्या नाहीत. फेब्रुवारीच्या बैठकीला मी स्वतः राजीनामा द्यायला गेले होते. वाक्यही तयार होतं.

पण माझ्या आधी हेडबाई उठल्या. हेडबाई म्हणजे आमच्या अध्यक्ष, चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या आणि त्यातली बावीस मुख्याध्यापिका म्हणून. त्या म्हणाल्या, पैसे भरून हात झटकायला ओंजळ म्हणजे काही पार्किंगचा दंड नाही. शिवाय आपण संस्था बघायला जातो तेव्हा काय बघतो? मुलं रांगेत उभी करून स्वागतगीत म्हणतात, संचालक भाषण करतात, आणि टेबलावरच्या नव्या कापडाला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत असते. म्हणजे आपण कापड बघून येतो. म्हणून यंदापासून नियम. प्रत्येकीला एक संस्था. तिथे साध्या बाईसारखं जायचं, ओंजळीचं नाव काढायचं नाही, आणि मदत मागायला आलेल्या माणसाशी ते कसे वागतात ते स्वतः पाहायचं. नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत जायचं. दर महिन्याला येऊन रिपोर्ट वाचायचा. ज्या संस्थेबद्दल एका महिन्याचाही रिपोर्ट चुकला, ती मतदानातून बाद.

हे शेवटचं कलम जालीम होतं. आपल्या आळसापायी एखाद्या गरीब संस्थेचा घास जाणार, हे कुणाला सोसवणार? डब्यातून चिठ्ठ्या फिरल्या. माझं राजीनाम्याचं वाक्य जिभेवर होतं, पण डबा समोर आला आणि मी हात घातला. तीस वर्षं आलेला कागद वाचायचीच सवय. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सोबत’. एकट्या राहणाऱ्या माणसांकडे ही संस्था आठवड्यातून एकदा दीड तास कुणीतरी स्वयंसेवक पाठवते.

‘सोबत’चं कार्यालय एका लाँड्रीच्या वर होतं. जिना चढताना इस्त्रीची वाफ अंगावर यायची. वर एकच खोली, दोन टेबलं, आणि एका टेबलामागे स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेली एक बाई. तिने विचारलं, “कुणासाठी आलात?”

घरून ठरवून आले होते की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंसाठी म्हणायचं. पण माइकवर मी काय वाट्टेल ते खपवू शकते, समोरासमोर मला साधं खोटं बोलता येत नाही. मी ‘शेजारच्या’ एवढंच म्हटलं आणि अडकले. टेबलाच्या बाईने ते भलत्याच अर्थाने घेतलं. ती उठली, माझ्यासाठी खुर्ची ओढली, पाण्याचा पेला पुढे केला आणि हळू म्हणाली, “पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जातं. तुम्ही आलात हेच मोठं.”

आता इथून परत कसं फिरायचं? नियम म्हणतो, ओंजळीचं नाव नको. मग मी म्हटलं, चला, मदत मागायला आलेल्या माणसाशी यांची वागणूक हीच तर बघायची आहे. एक चांगली एकटी बाई उभी करू. तिने फॉर्म दिला, वीस प्रश्न. घरात माणसं किती? एक. हे खरंच होतं, लिहून टाकलं. रोज टेबलावर बसून जेवता की उभ्याने? उभ्याने. हेही खरंच होतं. गेल्या आठवड्यात कुणी तुम्हाला ‘कशी आहेस’ असं विचारलं का, आणि उत्तर ऐकून घेतलं का? इथे मी पेन खाली ठेवलं. नणंद रोज सकाळी फोन करते, पाऊण तास बोलते, पण विचारत नाही. मुलगी दर रविवारी विचारते, पण तेवढ्यात तिचं पोर रडतं. मी ‘नाही’ लिहिलं. अशी एकेक करत मी वीस उत्तरं लिहिली, आणि एकही खोटं लिहायची गरज पडली नाही. टेबलाच्या बाईने बेरीज केली. विसात सतरा. शाळेत मला कधी विसात सतरा पडले नव्हते. तिने कागदावर लाल शिक्का मारला, ‘तातडीची नोंद’, आणि मला दंडाला धरून जिन्यापर्यंत सोडायला आली. मला भयंकर राग आला. मी स्वतःशी म्हटलं, रिपोर्टात लिहायचं, ‘अंगाला हात लावतात.’

मार्चच्या पहिल्या मंगळवारी चार वाजून पाच मिनिटांनी माझ्या दारात माझी सोबत उभी राहिली. चाळिशीची, उंच, हातात मोठी पिशवी, चेहऱ्यावर लस टोचून घ्यायला आल्याचा भाव. ती दातांच्या कवळ्या तयार करायची. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून ही प्लास्टरचा साचा करून मेणात दात बसवते. दिवसभर इतरांच्या जबड्यांशी काम, त्यामुळे जिवंत, बोलणाऱ्या जबड्याशी काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं. संस्थेने तिला एक कार्ड दिलं होतं. ती ते मांडीवर ठेवून वाचायची.

“आज तुम्हाला कसं वाटतंय?”

मी म्हटलं, बरं वाटतंय. तिने कार्ड उलटं केलं, मग सुलटं केलं. बरं वाटत असेल तर पुढे काय, हे त्यावर नव्हतं.

ती गेल्यावर मी वही काढून लिहिलं: ‘पाच मिनिटं उशीर. कारण सांगितलं नाही. बोलता येत नाही. चहाला नको म्हणते आणि मग पिते. बोलताना डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघते.’ हाच रिपोर्ट मी बैठकीत वाचला. त्या दिवशी आठ जणी आल्या होत्या आणि आठही जणी हसल्या. आमच्या माडीवर हसणं ऐकू आलं ते बऱ्याच दिवसांनी, आणि माझ्या आवाजावर माणसं हलली तीही बऱ्याच दिवसांनी. लाभार्थी कोण, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, आहे एक निवृत्त बाई, ओळखीची, मी तिथेच बसून सगळं बघते. हेही खोटं नव्हतं.

मग पुढच्या मंगळवारचा रिपोर्ट, आणि त्याच्या पुढच्याचा. संस्थेने कवळीवालीला स्वतःबद्दल बोलायला मनाई केली होती, म्हणून मी तिला खोदून खोदून विचारायची आणि ती नियम मोडल्याच्या अपराधी चेहऱ्याने उत्तरं द्यायची. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, त्याचे दात चांगले होते, बाकी काही नव्हतं. एका मंगळवारी काम फार साठलं म्हणून तिने साचे बरोबर आणले. माझ्या जेवणाच्या टेबलावर सहा जबडे मांडून ती मेण खरवडत बसली, आणि मी समोर बसून तिला सांगत होते की तिसऱ्या जबड्याचा मालक तापट असणार. ती म्हणाली, काकू, तो नगरपालिकेत साहेब आहे. मी म्हटलं, मग बरोबर. त्या दिवशी ती साडेपाचऐवजी सहाला गेली आणि मी टेबलावर बसून जेवले, कारण टेबल पुसायचंच होतं.

मे महिन्यापर्यंत मी सोमवारी घर आवरायला लागले. बिस्किटं दोन प्रकारची आणायला लागले. तिला मी ‘तू’ म्हणायला लागले आणि ती मला टोकायला लागली: काकू, औषध घेतलं का, काकू, चष्म्याची काच पुसत चला, समोरचं माणूस तुम्हाला धुरकट दिसत असणार. वहीत मी लिहायची, ‘सल्ले देऊ नयेत असा संस्थेचा नियम असूनही देते.’ नणंद एकदा फोनवर म्हणाली, वहिनी, तुझा आवाज हल्ली पहिल्यासारखा लागतो. आणि पुढे पाऊण तास तिच्या घरच्या गळक्या नळाबद्दल बोलली.

ओंजळीत तर मी आदर्श ठरले. हेडबाई माझं उदाहरण द्यायच्या: जोडलेलं राहणं म्हणजे काय ते या बाईंकडून शिका, एक मंगळवार चुकला नाही. मी तेव्हा वहीत डोकं घालायची. पण सगळ्याच जणी उत्साहाने यायला लागल्या होत्या. जुलैत अकरा, ऑगस्टमध्ये तेरा. सगळ्यांचे रिपोर्ट भलतेच तपशीलवार होते. मी म्हटलं, माझं बघून शिकल्या.

सप्टेंबरात ‘सोबत’च्या टेबलाच्या बाईचा फोन आला. सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाली, तुमची नोंद तातडीची होती म्हणून लगेच माणूस मिळालं, नाही तर यादीत तेवीस जण आहेत. एक आजोबा जानेवारीपासून थांबलेत. दर सोमवारी स्वतः चौकशीला येतात, जिन्यात दोनदा बसतात, आणि आमच्याकडे अजून माणूस नाही असं सांगितलं की आम्हालाच धीर देऊन जातात. मी विचारलं, त्यांना किती मार्क होते? ती म्हणाली, पंधरा.

दोन मार्कांनी मी त्या माणसाच्या पुढे घुसले होते. तेही तपासणीस म्हणून. फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. ठरवलं, पुढच्या मंगळवारी कवळीवालीला खरं सांगायचं आणि जागा मोकळी करायची. पुढच्या मंगळवारी तिला सर्दी होती, अशा माणसाला काय सांगणार? त्याच्या पुढच्या मंगळवारी ती खुशीत होती, तिचा मूड कशाला घालवा? मग एका मंगळवारी ना सर्दी ना खुशी, तर मला स्वतःलाच तोंड उघडवेना. तीस वर्षं मी लोकांच्या गाड्या रद्द झाल्याचं न अडखळता सांगितलं होतं. ही एक मला सांगता येत नव्हती. मला मंगळवार हवा होता, आणि जिन्यात दोनदा बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाटचा तो मी खात होते. दोन्ही गोष्टी मला पक्क्या ठाऊक होत्या.

नोव्हेंबरमध्ये मतदानाची बैठक झाली. चौदाच्या चौदा जणी हजर; थोरली आणि धाकटी जाऊ चक्क शेजारी बसलेल्या. छाननी होऊन दोनच संस्था उरल्या होत्या: माझी ‘सोबत’, आणि चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करून देणारा एक कारखाना. चर्चा सुरू झाली तशी ‘सोबत’ची बाजू पडायला लागली. औषधांचं दुकान चालवणारी आमची एक सभासद म्हणाली, रिपोर्ट मजेदार आहेत हो, पण खुर्ची ही वस्तू आहे, माणूस त्यावर बसून बाहेर जातो. दीड तास गप्पा मारून कुणाचं काय होतं? आणि मग माझी नणंद बोलली.

“मी म्हणते, प्रत्येकाने आपापलं माणूस सांभाळलं तर अशा संस्थेची गरजच काय? त्या निवृत्त बाईला कुणी नात्यातलं नाहीच का? असेल तर त्यांना लाज वाटायला हवी.”

चार-पाच माना हलल्या. गप्प राहिले तर ‘सोबत’ हरणार, तेवीस जण आणखी वर्षभर थांबणार, आणि माझा मंगळवार मात्र शाबूत राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. बोलले तर मंगळवार गेला आणि चारचौघींत नणंदेचं तोंड काळं. मी उठून उभी राहिले.

“ती बाई मीच आहे,” मी म्हटलं. “नोंद माझी आहे. विसात सतरा मार्क आहेत. फॉर्मात एकही उत्तर खोटं नाही.”

मी नणंदेकडे बघायचं टाळलं. हेडबाईंनी चष्मा काढला आणि नियमाची वही उघडली. त्यांनी वाचलं: ज्या सभासदाने संस्थेकडून स्वतः लाभ घेतला, तिला मतदानाचा अधिकार नाही. मला दिलगिरीने सांगितलं की माझं मत बाद. मी म्हटलं, बरोबर आहे.

तेवढ्यात फरशीवाली उभी राहिली. तिच्या वाट्याला फुकट कायदेशीर सल्ला देणारं केंद्र आलं होतं. ती म्हणाली, तिथे जाऊन विचारायला काहीतरी खरं प्रकरण हवं म्हणून मी आमच्या फरशीवाल्यांचं सांगितलं. त्यांनी नोटीस काढली. गेल्या महिन्यात फरशी पुरी झाली. मग माझंही मत बाद का? हेडबाईंनी वहीत बघितलं आणि हो म्हणाल्या. त्यावर औषधांच्या दुकानवालीने मान खाली घातली. वयस्क बायकांच्या पोहण्याच्या वर्गाची तपासणी करता करता ती पोहायला शिकली होती, आता आठवड्याला चार दिवस जाते आणि गुडघा दुखत नाही. पाठ धरलेलीने सांगितलं की चाकांच्या खुर्च्यांच्या कारखान्याने तिच्या सासऱ्यांची खुर्ची नवी करून दिली. मग दोघी जावा एकदमच उठल्या. धाकटीची चिठ्ठी घरगुती भांडणं मिटवणाऱ्या केंद्राची होती. खोटं भांडण कुठून आणणार, म्हणून ती थोरलीला घेऊन गेली होती.

थोरली म्हणाली, “अकरा वर्षांचं होतं. चार बैठकांत मिटलं. थोडं उरलंय.”

एकेक करत बारा जणी बाद झाल्या. मदत मागायला जाऊन मदत न घेता परत कसं यायचं, हे नियमात लिहिलंच नव्हतं, आणि चांगल्या संस्थेने तर ते जमूही दिलं नव्हतं. आता हेडबाई आणि नणंद राहिल्या. नणंद बसूनच बोलली, आणि माझ्याकडे बघून बोलली.

“मला ती फोनवर ऐकून घेणारी संस्था आली होती. मी दर शुक्रवारी फोन करते. दादाबद्दल बोलते.” तिने पदराशी चाळा केला. “तुझ्याशी बोलले तर तुला त्रास होईल, म्हणून तुझ्याशी नळाबद्दल बोलायचे.”

आमच्या ह्यांना ती दादा म्हणायची. दोन वर्षं रोज पाऊण तास ही बाई मला नळ, मांजर आणि शेजारणीचं कुंपण ऐकवत होती, आणि मी मनात तिला शिव्या घालत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी म्हटलं, “अगं, मला त्रास व्हायला हवा होता. मी वाट बघत होते त्याची.” तिने मान हलवली आणि माझ्या पिशवीतून माझाच रुमाल काढून नाक पुसलं.

सगळ्या हेडबाईंकडे बघायला लागल्या. मग बाई, तुम्ही एकट्याच उरलात, तुम्हीच मत द्या, असं कुणीतरी म्हटलं. हेडबाईंच्या वाट्याला शाळा सुटलेल्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग होते, आणि त्यांचे रिपोर्ट सगळ्यांत शिस्तीचे असायचे, मुद्दे, उपमुद्दे, खाली स्वाक्षरी. त्यांनी नियमाची वही मिटली.

“मी गेलेच नाही,” त्या म्हणाल्या. “नऊही रिपोर्ट मी घरी बसून लिहिलेत.”

त्याच पुढे म्हणाल्या की मार्चमध्ये त्या वर्गाच्या दारापर्यंत गेल्या होत्या. चाळीस वर्षं त्या दारातून आत गेल्या की वर्ग उभा राहायचा. इथे साध्या बाईसारखं जायचं होतं. आत गेले आणि कुणी उभंच राहिलं नाही तर, या भीतीने त्यांचे पाय वळले, ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. नियम मोडणारी ओंजळीत एकच आणि ती अध्यक्ष, असं म्हणून त्यांनी राजीनामा पुढे केला. तो कुणी घेतला नाही. फरशीवाली म्हणाली, बाई, राजीनामा राहू द्या, सोमवारी मी तुमच्याबरोबर येते, आपण मागच्या बाकावर बसू. हेडबाईंनी राजीनाम्याची घडी घातली आणि विचारलं, सोमवारी किती वाजता.

मग ते कलम खोडून सगळ्यांनी मतं दिली. नऊ मतं ‘सोबत’ला, पाच चाकांच्या खुर्च्यांना. पैशातून आणखी स्वयंसेवक तयार होणार होते, पण त्याला दोन महिने लागणार होते, आणि आजोबांना थांबून जानेवारीत वर्ष पुरं होणार होतं. मी त्या संध्याकाळी टेबलाच्या बाईला फोन करून सांगितलं की माझी नोंद बंद करा आणि कवळीवालीचा मंगळवार आजोबांना द्या. तिने कारण विचारलं. मी खरं ते सगळं सांगितलं. तिने विचारलं, उत्तरं तर खरी होती ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग माझी माफी मागू नका.

शेवटच्या मंगळवारी कवळीवाली चारला पाच मिनिटं कमी असतानाच आली. नोंद बंद होणार हे तिला कळलं होतं, का ते कळलं नव्हतं. मी चहा न ठेवता आधी सांगून टाकलं, ओंजळ, चिठ्ठी, नियम, रिपोर्ट, सगळं एका दमात. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला.

“म्हणजे मी नऊ महिने परीक्षेला बसले होते.”

मी म्हटलं, हो. ती म्हणाली, वही दाखवा. मी दिली. टेबलावर कोपर टेकून ती पहिल्या पानापासून वाचायला लागली आणि मी समोर निकालाची वाट बघत बसले. ‘बोलता येत नाही’ हे वाचून तिने नाकातून श्वास सोडला. ‘कारण सांगितलं नाही’ यावर बोट ठेवून म्हणाली, पाच मिनिटं मी तुमच्या दाराबाहेर कार्ड पाठ करत होते. साच्यांच्या मंगळवारी ती हसली, पण लगेच गंभीर झाली. मग एका पानावर ती थांबली ती पुढे जाईचना. मला माहीत होतं कुठलं पान. ते मी बैठकीत वाचलं नव्हतं. त्यावर दोनच ओळी होत्या: ‘आज बुधवार. तरी चार वाजता उठून दार उघडून बघितलं.’

तिने वही मिटली नाही, तशीच उघडी ठेवली.

“संस्थेचा नियम आहे,” ती म्हणाली, “नोंद बंद झालेल्या माणसाकडे स्वयंसेवकाने जायचं नाही. सवय लागते म्हणून. मोडला तर मला काढतील, आणि मग त्या आजोबांचं काय?”

मी म्हटलं, मला ठाऊक आहे, मी काही मागत नाहीये.

“पण त्या माणसाने स्वयंसेवकाकडे यायचं की नाही, याबद्दल नियमात काही नाही. माझं घर पेठेच्या पलीकडे आहे, खाली सायकलचं दुकान. बुधवारी मी चारनंतर घरीच असते.” टेबलावर साचे मांडलेले असावेत तशी ती माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत बोलत होती. “मी नीट वाचलाय नियम. तीनदा वाचला.”

मी विचारलं, “कधी वाचलास? आज?”

“नाही,” ती म्हणाली. “मे महिन्यात.”